विषय: सांगलीत माहेरी आलेय, नववा लागलाय, खरी कळ ओळखायची कशी?

२१ जुलै, रात्री

नमस्कार मंडळी,

बऱ्याच जणांना माहितीये, मी तिसाव्या आठवड्यातच इंग्लंडातल्या रेडिंगहून निघाले कारण पुढं विमानवाले बसू देत नाहीत, आणि आता गावभागात, कृष्णेकाठच्या जुन्या सांगलीत, आईकडं स्टुलावर पाय टाकून बसलेय. आज ३६ आठवडे ४ दिवस, तारीख १४ ऑगस्ट. नवरा २ तारखेला पोचतोय.

इथं ज्याचं त्याचं वेगळं. आई म्हणती नऊ महिने नऊ दिवस, शेजारच्या काकी म्हणतात पोट खाली उतरलंय, चार दिवसांत मोकळी होशील, आणि डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे. संध्याकाळी पोट असं कडक होतं की वर वाटी ठेवली तर सरळ उभी राहते (ठेवून बघितलीय, हसू नका). दुखत नाही फारसं, मिनिटभरानं सुटतं. ही कळ का?

आणि एक. कालपासून बाळ कमी हालतंय असं वाटतंय. आई म्हणती दिवस भरत आले की बाळ शांतच होतं, जागा कुठाय त्याला. पटतं पण आणि पटत नाही पण.

---

२१ जुलै, तासाभरानं

अगं, मी इथं इंग्लंडात मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं बघणारी नर्स आहे म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून लिहितेय. मेल वाचलास की उठ आणि डॉक्टरांना फोन लाव, आत्ता, रात्र आहे म्हणून थांबू नकोस. जागा कमी झाली की हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी सरकल्यासारखं, वळल्यासारखं वाटतं. पण हालणं कमी व्हायला नको, अगदी कळा सुरू होईपर्यंत. गार सरबत पिऊन वाट बघत बसू नकोस. ठोके ऐकायचं घरगुती मशीन कुणी दिलं असेल तर ते पण नको, ठोका ऐकू आला म्हणजे बाळ बरं आहे असं नसतं.

---

२२ जुलै, सकाळी

गेलो. दादानं रात्री साडेबाराला गाडी काढली, आई मागं बसून पूर्ण रस्ताभर "काही नसतंय गं" म्हणत होती आणि माझा हात सोडत नव्हती. तिथं पोटाला दोन पट्टे बांधले, एक ठोक्यांचा, एक पोट कडक होतंय का ते बघायचा, हातात बटण दिलं, बाळ हाललं की दाब. पहिली पंधरा मिनिटं एकदा पण नाही. सिस्टर म्हणाल्या झोपलं असेल, कूस बदल. बदलली आणि साहेबांनी असा हात मारला की पट्टाच सरकला. कागदाची लांब पट्टी निघाली, डॉक्टरांनी बघितली, सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी पण बघितलं, सगळं ठीक. "परत वाटलं तर परत या, तिसऱ्यांदा पण या" म्हणाल्या. आई गप्प होती येताना.

---

२२ जुलै

बाळा, बरं झालं गेलीस. माझं पहिलं साताऱ्यात झालं, २००९ ला, आणि मी असाच फोन केला होता, नाव घेत नाही कुठल्या दवाखान्यात, तर तिकडून "सकाळी या" म्हणाले आणि मी शहाण्यासारखी सकाळपर्यंत बसले. सकाळी ठोके घसरलेले, धावपळ करून सिझर. पोरगा आज माझ्या डोक्यावरून हात फिरवतो इतका उंच झालाय, पण ती रात्र अजून जात नाही डोक्यातून. असो.

तुझ्या वाटीचं सांगते. ती खोटी कळ. पाणी प्यायलं, चाललं, कूस बदलली की ती विरघळते आणि तिला वेळेचं भान नसतं, आत्ता दहा मिनिटांनी मग तासानं. खरी कळ बहुतेक वेळा कंबरेतून निघून पुढं येते, आणि दोघींच्या मधलं अंतर कमी कमी होत जातं. मोजायचं एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत, शेवटापासून नाही, इथं सगळे चुकतात. पहिलटकरणीला साधारण दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं, आणि दवाखाना लांब असेल तर आधीच. आमच्या आजीची कसोटी सोपी होती, तोंडातून शब्द निघतोय तोवर ती कळ नव्हं.

पोट खाली उतरणं खरंय पण पहिल्या खेपेला ते दोन-चार आठवडे आधी पण होतं. वरचं हलकं होतं, श्वास नीट घेता येतो, आणि खालचं इतकं जड की बाथरूमच्या फेऱ्या संपत नाहीत. चार दिवसांचा हिशोब काकींना ठेवू दे. आणि आईचे नऊ महिने नऊ दिवस फार चुकीचे नाहीत बरं का, डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात, २८० दिवस. पण नेमकं त्या तारखेला वीसात एखादंच बाळ येतं.

हालचालीचं म्हणशील तर दोन तासांत दहा मोजायच्या, आम्हाला असंच शिकवलं होतं. दुधात तूप घालून देत असतील तर चवीसाठी पी, पोटात गेलेलं तूप बाळाच्या वाटेवर जात नाही. एरंडेल मात्र अजिबात नको, जुलाब होऊन अंगातलं पाणी जाईल आणि कळा येतील न येतील.

---

२३ जुलै

काकू, बाकी सगळं पटलं, दहाचा आकडा तेवढा इकडं आम्ही सांगत नाही. एखादं बाळ मुळातच चुळबुळं असतं, त्याच्या दहा झाल्या तरी त्याच्यासाठी त्या कमी. रोजची तऱ्हा ओळखायची आणि ती बदलली की जायचं. भारतात डॉक्टरांनी मोजायला सांगितलं असेल तर मोज, पण आकडा भरला म्हणून शंका मारून टाकू नकोस.

अजून एक-दोन. पाणमोट सिनेमात फुटते तशी धबधब्यासारखीच फुटेल असं नाही, थेंब थेंब पण गळते. लघवी का पाणी कळेना तर पॅड लाव आणि रंग बघ. पांढरट किंवा फिकट असलं तरी फोन करायचा, हिरवं, तपकिरी किंवा रक्ताचं दिसलं तर थेट निघायचं. चिकट गुलाबीसर स्राव थोडासा गेला तर घाबरू नकोस, त्यानंतर पण दिवस जाऊ शकतात. डोकं ठणकणं, डोळ्यापुढं चमकणं, बरगडीखाली दुखणं, तोंड-हात एकदम सुजणं, हे बीपीचं. तळहात-तळपायाला रात्री खाज सुटली आणि पुरळ काहीच नाही तर लिव्हरची रक्ततपासणी करून घे. झोप कुशीवर. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (आईचं रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते) इकडं झालं का नाही ते फाइलमध्ये बघून तिथल्या डॉक्टरांना दाखव.

---

२३ जुलै

बायकांच्या मेलमध्ये मी बोलायचं नाही म्हणतात घरी, पण गावभाग वाचलं आणि राहवलं नाही. पोरी, तारीख ऑगस्टची आहे! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत होडी चालत होती. सांगलीत ऊन असलं तरी कोयनेतून पाणी सोडलं की कऱ्हाडहून खाली येतं आणि इथं चढतं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट झालं की इशारा, ४५ ला धोका, पण तुझ्यासाठी ३० च्या पुढं गेलं की हलायचं, पाणी गल्लीत आल्यावर ओटी सांभाळत होडीत बसणार का? विश्रामबागेकडं, उंचावरच्या बाजूला, कुणी असेल तर बॅग आणि फाइल आत्ताच तिथं टाक. १०८ नंबर आईच्या मोबाइलमध्ये पण असू दे, सरकारी दवाखान्यात जायचं तर १०२ ची गाडी फुकट असते. आणि फाइलचे फोटो काढून नवऱ्याला पाठव, कागद भिजतो, फोटो भिजत नाही.

---

२५ जुलै

काका, बॅग आत्याकडं विश्रामबागेत पोचली, मी पण सोमवारी जातेय. पाऊस आहे पण नदी अजून पात्रात आहे. रक्तगट पॉझिटिव्ह. आई रोज सकाळी चहा द्यायच्या आधी विचारती, "हाललं का?", आणि मी हो म्हटल्याशिवाय कप हातात देत नाही.

नवऱ्यानं तिकीट अलीकडचं घेतलंय, २९ ला पोचतोय. कुणाला आईबाबांसाठी औषधं पाठवायची असतील तर रविवारपर्यंत त्याच्याकडं द्या, पाच किलो जागा आहे. परतीच्या बॅगेत भडंग भरायचं ठरलंय, त्याच्या यादीत नाव घालायचं असेल तर मला वेगळा मेल करा.