जंतू उपाशी ठेवला की मरतो, की पिसाळतो?

घोडबंदरचा बायोवाला:
पावसाळा लागला नि ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरू लागला: 'जुलाब झाले की साखर पूर्ण बंद, जंतू उपाशी मरतात.' माझं मत नेमकं उलट. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल बघा, अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर मोठ्या आतड्यात फोफावणारा. ग्लुकोज मुबलक असतं तेव्हा सीसीपीए नावाचं त्याचंच प्रथिन टॉक्सिनचे, म्हणजे विषाचे, जीन दाबून ठेवतं. अन्न संपत आलं की दाब सुटतो आणि टॉक्सिन बाहेर पडतं. वैर वगैरे काही नाही, पोटासाठी चाललंय सगळं त्याचं.

ऐरोली लॅब:
सर, पोटाचं पुराण पुरे. आधी हत्यार तर हवं! कॉलराच्या टॉक्सिनचे जीन एका विषाणूवर स्वार होऊन व्हिब्रिओत, म्हणजे कॉलराच्या जंतूत, शिरतात, हे वॉल्डर आणि मेकालानोस या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवलं. ते जीन नसलेल्या व्हिब्रिओला खुशाल उपाशी ठेवा, कॉलराचं टॉक्सिन आणणार कुठून? शिवाय तुमचं हे सगळं लॅबच्या प्लेटमध्ये वाढवलेल्या जंतूंचं. जिवंत आतड्यात काय?

घोडबंदरचा बायोवाला:
आतड्यातलंच घ्या. अमेरिकेतली सॉल्क इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था, २०१८. सिट्रोबॅक्टर या आतड्याच्या जंतूची लागण केलेल्या उंदरांना जादा लोहाचा आहार दिला. त्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देईना, आतड्यातून ग्लुकोज कमी शोषलं जाऊ लागलं, म्हणजे जंतूंची चंगळ. जंतू तिथेच राहिले आणि उंदीर ठणठणीत!

ऐरोली लॅब:
तो उंदरांचा जंतू. माणसालाही आजारी पाडणाऱ्या साल्मोनेलाला लावून दाखवा हा नियम. तो आधी आतडं सुजवतो. त्या सुजेत थायोसल्फेट या गंधकाच्या संयुगाचं टेट्राथायोनेट हे दुसरं संयुग होतं, ते वापरून तो ऑक्सिजनशिवाय श्वसन करतो आणि आंबवण्यावर जगणारे शेजारी मागे पडतात. इथे मारामारी आधी, जेवण नंतर. एका जंतूवरून सगळ्यांना झोडपू नका.

नेरूळची आई:
तुमचं चालू द्या, पण ओआरएसमध्ये ग्लुकोजच असतं ना? मग लेकीला द्यायचं की नाही?

ऐरोली लॅब:
ताई, बिनधास्त द्या. लिटरला १३.५ ग्रॅम असतं. लहान आतड्यात ते सोडियमला सोबत घेऊन शोषलं जातं आणि मागोमाग पाणी. जंतू काय जेवतोय याचा विचार तेव्हा करायचाच नाही.

घोडबंदरचा बायोवाला:
याला माझं अनुमोदन. तो फॉरवर्ड आधी डिलीट करा. बाकी ऐरोली, साल्मोनेलाने मारामारी केली ती जेवणासाठीच ना?