नक्षी घासून गेली म्हणजे पाते नकली?

'दमास्कस' (थरांच्या पोलादाच्या नक्षीदार) सुरीची नक्षी पॉलिश पेपरने घासल्यावर गेली, म्हणून पाते नकली, असा निष्कर्ष या चर्चेत एका सदस्याने काढला आहे. तो मला घाईचा वाटतो. खऱ्या थरांच्या पात्यावरही नक्षी उठून दिसते ती आम्लामुळेच, कारण थरांतली दोन वेगळी पोलादे आम्लात कमी-अधिक काळवंडतात. त्यामुळे घासल्यावर ती पुसट होणारच. घासलेली जागा तेलकटपणा काढून फेरिक क्लोराइडच्या (धातू कोरणारे आम्लधर्मी रसायन) सौम्य द्रावणात काही मिनिटे बुडवावी (आमच्या वडोद्यात ते इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळते). थर खरे असतील तर तीच नक्षी परत येते. लेझरने किंवा छापून काढलेली असेल तर पाते सगळीकडे सारखेच करडे होते. पात्याची पाठही पाहावी: तिथे थरांच्या बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात. धारेलगतचा कोरा पट्टा मात्र संशयास्पद मानू नये, कारण स्वयंपाकाच्या अनेक सुऱ्यांत गाभा एकसंध पोलादाचा असून थर फक्त दोन्ही बाजूंना असतात.

एक भेद मात्र चर्चेत राहूनच गेला. थर जोडून केलेले आजचे 'दमास्कस' आणि जुन्या तलवारींचे जौहरदार (अंगचीच लहरदार नक्षी असलेले) पोलाद या वेगळ्या वस्तू आहेत. दुसरे दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेल्या, सुमारे १.५ टक्के कार्बनच्या 'उक्कू' पोलादाचे असे आणि त्यातली नक्षी कार्बाइडच्या (लोह व कार्बनच्या कठीण संयुगाच्या) पट्ट्यांची असते. बाजारातल्या नव्या सुरीत ती शोधू नये.