मदत हवी आहे: थरार कादंबरीचं पहिलंच परीक्षण, खर्डा तपासून द्याल का?

कोरापाट

एका थरार कादंबरीवर परीक्षण लिहायला घेतलंय, पहिलाच प्रयत्न आहे. कादंबरी २८८ पानांची, ४१ प्रकरणांची. नाव मुद्दामच देत नाही, म्हणजे खर्ड्यात रहस्य फुटलं असलं तरी कुणाच्या वाचनाचा विचका होणार नाही. नायिका ध्वनिमुद्रणं साफ करणारी तंत्रज्ञ. पोलिसांनी दिलेल्या खंडणीच्या फोनमध्ये तिला मागे लिफ्टची घंटी ऐकू येते, आणि ती तिच्याच इमारतीतली असते.

खर्डा ६०० शब्दांचा आहे, त्यातले ४०० कथानकावरच गेलेत. उरलेल्यातला हा तुकडा:

«अतिशय उत्कंठावर्धक आणि खिळवून ठेवणारी ही कादंबरी एका बैठकीत वाचून होते. नायिकेचं पात्र उत्तम रंगवलं आहे. वरच्या मजल्यावरचा शेजारी दिसतो तितका साधा नाही, हे हळूहळू लक्षात येतं. मधला भाग थोडा संथ आहे. पण शेवटच्या वीस पानांत अशी कलाटणी मिळते की आधीचं सगळं उलटंपालटं होतं. शेवट मात्र पटला नाही. भाषा ओघवती आहे. पाचपैकी साडेतीन तारे.»

कथानक कुठपर्यंत सांगायचं? शेवट न फोडता तो का पटला नाही हे कसं लिहायचं? आणि 'संथ' एवढंच म्हणणं बरोबर आहे का?

मोजकंच

आधी तो शेजारी काढा. 'दिसतो तितका साधा नाही' वाचल्यावर वाचक पहिल्या पानापासून त्याच्यावरच डोळा ठेवणार. गुन्हेगार तो नसला तरी नुकसान झालंच, कारण लेखकाने टाकलेली हूल तुम्ही आधीच पकडून दिलीत. एखाद्या दुय्यम पात्राचं गरजेपेक्षा जास्त कौतुक केलं तरी हेच होतं. ज्या पुस्तकाचा शेवट सगळ्यांना माहीत आहे त्याच्याशी तुलना केली, तर संपलंच.

कथानकाची हद्द: मलपृष्ठावर जे छापलंय ते खुलं. त्यापुढे फार तर पहिला पाव भाग, म्हणजे तुमच्या पुस्तकात साधारण ७० पानं. त्यातही सगळं नको. लिफ्टची घंटी सांगितलीत की आमिष पुरेसं झालं. ४०० शब्दांचे १२० करा. कथानक सांगताना 'मग', 'त्यानंतर', 'तेवढ्यात' असे शब्द यायला लागले की समजायचं, परीक्षण थांबलं आणि गोष्ट सुरू झाली.

विशेषणांचंही बघा. 'उत्कंठावर्धक', 'खिळवून ठेवणारी', 'ओघवती' हे शब्द कुठल्याही थरार कादंबरीवर चिकटवता येतात, म्हणून ते या कादंबरीबद्दल काहीच सांगत नाहीत. ४१ प्रकरणं २८८ पानांत म्हणजे सरासरी सात पानांचं एक प्रकरण. त्यातली किती प्रकरणं ऐन मोक्यावर तोडलीत ते मोजा. जवळजवळ सगळी असतील तर विसाव्या प्रकरणापर्यंत ती युक्ती बोथट होते. मग 'खिळवून ठेवणारी' ऐवजी कशाने खिळवलं आणि कुठे सुटलं, ते लिहिता येईल.

रातकिडा

'संथ' शब्दावर. तो एकटा सोडलात तर अन्याय होतो, कारण थरारकथेत संथपणा दोन जातींचा असतो. चित्रपट दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण याच कामाचं आहे. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाचा पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. माहीत असेल तर वर चाललेल्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. तेव्हा मधली प्रकरणं पुन्हा चाळा आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने एवढंच लिहा: इथे वाचकाला नायिकेपेक्षा जास्त माहीत आहे, कमी आहे, की तेवढंच? जास्त असेल आणि तरी कंटाळा आला असेल, तर टांगणीच कच्ची आहे: धोका खरा वाटत नाही किंवा मुदत ठरलेली नाही. सलग चार-पाच प्रकरणांत 'तेवढंच' आलं आणि नवी माहितीही नाही, तर ती भरताड. परीक्षणात यातलं जे असेल ते एका वाक्यात येऊ द्या, पण प्रकरणांच्या आकड्यासकट.

शेवटासाठी पुस्तक उलटं वाचा. उकल माहीत असताना मागे जाऊन तिचे धागे कुठे पेरलेत ते पानांच्या आकड्यांसह टिपा. पेरणी सापडली आणि तरी शेवट पटला नसेल, तर दोष मांडणीचा. सापडलीच नाही, तर लेखकाने वाचकाला फसवलंय. दोष सांगताना घटना सांगायची नाही, दोषाची जात सांगायची. उकल योगायोगाने झाली, उत्तर देणारं पात्र फार उशिरा आलं, गुन्हेगार भाषण ठोकून सगळं समजावतो, निवेदकाने स्वतःला ठाऊक असलेलं दडवलं. बहुतेक फसलेले शेवट यांतल्याच एखाद्या खणात बसतात.

एक सावधगिरी मात्र हवी. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी दहा नियम घालून दिले. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे, सापडलेले दुवे वाचकापुढे ठेवले पाहिजेत, वगैरे. ते 'कुणी केलं' या कोड्यासाठी आहेत. थरारकथेत गुन्हेगार पहिल्याच पानावर उघड असला तरी चालतं, प्रश्न असतो 'आता हिचं काय होणार'. तुमची कादंबरी कोणता प्रश्न विचारते ते आधी ठरवा, नाहीतर क्रिकेटच्या नियमांनी कबड्डीला बाद द्याल.

शेवटचंपान

वरच्या दोघांशी सहमत. पण 'शेवटच्या वीस पानांत कलाटणी' हे वाक्य कुणाच्या नजरेतून कसं सुटलं? कलाटणी आहे, ती कुठे आहे आणि ती आधीचं सगळं उलटवते, या तिन्ही गोष्टी फुटल्या. वाचक पान २६८ येईपर्यंत कशावरच विश्वास ठेवणार नाही.

मोजकंच

जागा सांगू नये हे मान्य. पण कलाटणीचा उल्लेखच नको हे जरा अतीच होतं. पुष्कळदा प्रकाशकच मलपृष्ठावर तिचा डंका पिटतो.

शेवटचंपान

प्रकाशकाला पुस्तक विकायचं असतं, परीक्षकाला नाही. उल्लेख टाळता येत नसेल तर शेवटी 'रहस्यभेद' असा इशारा देऊन वेगळा परिच्छेद करा. आणि साडेतीन तारे देताना पाचांतला दीड तारा कशासाठी कापला, ते मजकुरात दिसू द्या.

कोरापाट

सगळ्यांचे आभार. शेजारी आणि कलाटणी दोन्ही उडवली. 'पात्र उत्तम रंगवलं आहे' आणि 'शेवट पटला नाही' यांच्या जागी आता हे:

«नायिका कानांनी विचार करते. दार उघडण्याआधी ती जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखते. पण तिसाव्या प्रकरणानंतर लेखक तिचे कान विसरतो. पुढचे शोध तिला दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये आयते सापडतात, त्यामुळे उकल होते ती तिच्यामुळे नाही, योगायोगाने.»

हे चालेल का? की यातही काही फुटतंय?

रातकिडा

चालेल. तारे का कापले तेही यात आलं. फक्त 'दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये' काढा, 'आयते हाती पडतात' एवढंच ठेवा. पावलांच्या प्रसंगातलं लेखकाचं एखादं मूळ वाक्य अवतरणात द्या, म्हणजे भाषेबद्दल वेगळं बोलावं लागणार नाही. तो प्रसंग पहिल्या ७० पानांतला असेल तरच.

मोजकंच

वर लेखक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठसंख्या टाका. पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नावही, आणि मग ते अवतरण कुणाच्या भाषेचा नमुना म्हणून देताय याचा विचार करून द्या.