उन्हाळी म्हणून सोडून दिलं अन् खडा निघाला: तुमचे अनुभव सांगा

पळसपान:
काल कापूस वेचून येताना शेजारची सून म्हणे, "काकू, लघवीले आग होते, उन्हाळी लागली वाटते." कार्तिकात कुठली आली उन्हाळी! मला माझं २०१७ आठवलं. तीन वर्षं मीही हेच म्हणत होते. धन्याचं पाणी, सब्जा, मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या. बरं वाटलं की गोळ्या बंद. महिन्याभरात पुन्हा आग. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप अन् कुशीत कळ. सोनोग्राफीत डाव्या किडनीत हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला खडा. मी टमाटे-पालकाला शिव्या घालत होते, डॉक्टर म्हणाले हा जंतूंनी केलेला आहे. प्रोटियस नावाचे जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कली होते अन् थरावर थर बसतो. स्ट्रुव्हाइट म्हणतात. पाठीतून दुर्बिणीनं काढला, तोही दोन खेपांत. आणखी कोणाला झालंय?

वऱ्हाडी ठेचा:
मले साधा खडा होता, ४ मिमी, कुयथाचं पाणी पिऊन पडला. पडला तवा बायकोले वाटलं मी मेलो 😄

तुरीचं_वावर:
आमच्या बाबांना लकव्यानंतर वर्षभर लघवीची नळी होती. सारखी बुजायची. शेवटी मूत्राशयात खडे निघाले. नळी बदलायची तारीख आता भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहितो.

मावशी_वणीकर:
सकाळी ९ ला वावरात, घरी ५ ला. सोबत गडी माणसं, बसावं कुठं? पऱ्हाटी कंबरेएवढी झाली की आडोसा तरी होते, निंदणाच्या वक्ती तोही नाही. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात ४५ डिग्रीतही. कोणाले सांगता?

पळसपान:
मावशी, अगदी हेच. मी तर तांब्या सोबत नेतच नव्हते.

रातराणी:
खडा तपासायला पाठवला होता का? माझ्या नणंदेचा पाठवला म्हणून कळलं. जंतू खड्याच्या आत दडून बसतात, गोळी तिथवर पोचत नाही. तुकडा राहिला तर पुन्हा वाढतो. अन् जळजळीवरचं ते गोड सिरप तिचं बंद केलं, त्यानं लघवी अल्कली होते, अन् या खड्याले तेच पायजे.

वऱ्हाडी ठेचा:
अरे देवा, ते सिरप तर आमच्या घरी सरबतासारखं पेतात.

खारपाणपट्टा:
आमच्याकडं पूर्णाकाठी पाणीच खारं. खडा निघाला की सगळे पाण्यावरच ढकलतात, लघवीची कल्चर तपासणी कोणी करत नाही. माझी तिसऱ्या वेळी झाली. कल्चरमध्ये जंतू सापडले अन् मग कुठं बरोबर औषध मिळालं.

तुरीचं_वावर:
खारपाणवाले, तुमच्याकडं हरभरा कसा आहे यंदा?

खारपाणपट्टा:
मर लागली बापा. विचारू नका.

मावशी_वणीकर:
पळसपान, त्या सुनेचं काय झालं मग?

पळसपान:
सासू म्हणते वेचणी आटोपू द्या. उद्या मीच नेते तिला, मजुरी बुडली तर बुडली. कापूस काय, चार दिवस झाडावर राहील.