माशात अळी निघाली तर बोंब मारायची की काढून टाकायची? आणि दुकानदाराने आधी सांगायला नको का?

उत्तरसमुद्र: इथे नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी ग्रुपवर कालपासून दंगा चाललाय, एकीच्या कॉडच्या तुकड्यात अळी निघाली, तिने फोटो टाकला आणि झालं, निम्म्या लोकांनी समुद्रात पकडलेला मासाच बंद केला, आता म्हणे फक्त फार्ममध्ये पाळलेला सामन (सॅल्मन मासा). मला विचाराल तर हा शुद्ध बावळटपणा आहे. अनिसाकिस नावाची ही अळी देवमासा, डॉल्फिन यांच्या पोटात मोठी होते, अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, पिल्लं क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या बारक्या जीवांच्या पोटात, क्रिल हेरिंग-मॅकरेल-कॉडच्या पोटात, आणि तो मासा परत देवमाशाच्या. माणूस यात मध्येच कडमडतो. आपल्या पोटात ती वाढत नाही, मरते, फक्त जिवंत गेली तर मरायच्या आधी पोटात त्रास देते. मासा आतपर्यंत ६० अंशाला मिनिटभर शिजला की विषय संपला. याच देशात १९६० च्या आसपास कच्चं हेरिंग खाऊन लोक पोट धरून दवाखान्यात जायचे, १९६८ ला हेरिंग गोठवणं सक्तीचं केलं, त्यात अळी मरते, आणि केसेस जवळपास थांबल्या. लोकांनी हेरिंग काही सोडलं नाही.

चिमणी_ठाणे: शिजवलं की संपलं हे अर्धंच खरं आहे हो. अ‍ॅलर्जीचं काय? या अळीची काही प्रथिनं उष्णतेतही टिकतात, म्हणजे अळी मेली तरी ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या अंगावर पित्त उठू शकतं, क्वचित श्वासापर्यंत जातं. स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या माशांमुळे एवढा त्रास झाला की २००६ मध्ये हॉटेलांना कच्चा मासा आधी गोठवायचा कायदा करावा लागला. अंड्याची, शेंगदाण्याची सूचना पाकिटावर असते ना, मग ही का नको? गिऱ्हाईक पैसे मोजतं, त्याला कळायला नको?

रेवदंड्याचा: ताई, पाटी लावायची तर प्रत्येक टोपलीला लावावी लागेल. बांगड्याचे कल्ले उघडून बघा कधी, आत पांढुरका, खवल्याखवल्यांचा, पोटाकडे वाकलेला एक किडा चिकटलेला सापडतो, चांगला नखाएवढा. तो माशाचं रक्त पितो, माणसाला काही करत नाही. साफ करताना कल्ल्याबरोबर जातोच. आमच्याकडे कोणी त्याचा फोटो काढत नाय. खरी भीती वेगळीच आहे, बांगडा उन्हात बर्फाशिवाय पडला की त्यात हिस्टामिन तयार होतं, ते कितीही तळा, जात नाय, आणि खाल्ल्यावर तोंड लाल, डोकं ठणकतंय, उलट्या. लोक याला पण 'माशाची अ‍ॅलर्जी' म्हणतात. अळी डोळ्याला दिसते म्हणून बिचारी बदनाम.

सामनवाला_पुणे: मग फार्मचा सामन घ्या की राव, वाद कशाला. त्याला कोरडं खाद्य देतात, क्रिल-बिल जिवंत काही मिळतच नाही त्यामुळे अनिसाकिस जवळजवळ नसतेच. युरोपात तर अशा सामनला गोठवण्याच्या नियमातून सूट पण आहे.

उत्तरसमुद्र: @सामनवाला_पुणे अनिसाकिस नसते हे बरोबर. पण फार्मच्या त्याच पिंजऱ्यांत माशाच्या अंगाला चिकटणाऱ्या समुद्री उवांचा सुळसुळाट असतो, त्या मारायला औषधं मारतात, ते तुम्हाला ताटात दिसत नाही एवढंच! @चिमणी_ठाणे, कारखान्यात फिले, म्हणजे माशाचे काटे काढलेले तुकडे, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर ठेवून तपासतात, अळी चकलीसारखी वेटोळं करून बसलेली असते, ती चिमट्याने काढतात. जाड मांसातली तरीही सुटते. बोटीवर आतडी लगेच काढली तर बरीच टळते, कारण मासा मेल्यावर काही अळ्या पोटातून मांसात सरकतात. पाटी लावून लोक अजून घाबरतील, बाकी काही होणार नाही.

चिमणी_ठाणे: घाबरू द्या! वॉशिंग्टन विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास आहे, जुने-नवे रिपोर्ट एकत्र केले तर १९७८ ते २०१५ मध्ये माशांतली ही अळी २८३ पट वाढलेली दिसली. म्हणजे हे वाढतंय, आणि तुम्ही म्हणताय चिमट्याने काढतात.

उत्तरसमुद्र: वाढण्याचं एक कारण त्यांनी असंही सुचवलंय की देवमाशांची संख्या सावरतेय, अळीला घर मिळतंय. समुद्र जिवंत होतोय म्हणून मासा बंद करायचा? हा कुठला न्याय.

चिमणी_ठाणे: मासा बंद कर असं कोणी म्हटलं इथे? पाटी लाव म्हटलं.

दादर_खवय्या: एक शंका, घरी सुशी करायची फॅशन आलीये, लिंबू-मीठ-व्हिनेगर लावलं तर अळी मरते ना? आपण पण तळायच्या आधी लिंबू चोळतोच की.

रेवदंड्याचा: नाय मरत. आपण चोळतो ते चवीला आणि वासाला, नंतर तवा असतो. कच्चा खायचा तर गोठवलेलाच घ्या.

चिमणी_ठाणे: आणि घरच्या फ्रीजरच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेचा नियम उणे २० ला ७ दिवस असा आहे आणि घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, दार दिवसात दहा वेळा उघडतं. बघा, एवढी साधी गोष्ट लोकांना विचारावी लागते. निदान 'कच्चा खाण्यासाठी गोठवलेला' आणि 'फक्त शिजवून खा' एवढ्या दोन चिठ्ठ्या तरी लावा. यात कोणाची विक्री बुडते?

रेवदंड्याचा: यावर माझी ना नाय. फक्त बर्फ कधी घातला याची पण चिठ्ठी लावा मग.