मदत हवी आहे : सांगलीत कमी भाड्याच्या घरासाठी सरकारी अर्ज कुठे द्यायचा?

जतकर_८७ :
नमस्कार. मला आठ दिवसांच्या आत सांगलीत भाड्याचे घर हवे आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना सरकारकडून अल्प भाड्यात घरे मिळतात, असे ऐकल्यावरून मी एका झेरॉक्सच्या दुकानातून ३०० रुपयांना त्याचा अर्ज विकत घेतला. परंतु तो कोणत्या कार्यालयात द्यायचा, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. कृपया कार्यालयाचे नाव आणि लागणारी कागदपत्रे एवढेच सांगावे. इतर सल्ले नकोत, वेळ नाही.

कुपवाडची_ताई :
दादा, घरात माणसे किती, नोकरी कोणत्या बाजूला आणि भाडे किती झेपेल, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका असली, तरी मिरजेत काम करणाऱ्याने सांगलीवाडीत घर घेतले, तर त्याचा निम्मा पगार रिक्षातच जाईल. आणि आठच दिवस का?

सोडत_यात्री :
म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरा. सांगली जिल्हा पुणे मंडळाकडे येतो. मी आजवर चार वेळा भरला. घर लागले नाही, पण अनामत रक्कम प्रत्येक वेळी परत मिळाली. अधिवासाचा दाखला, आधार, पॅन आणि उत्पन्नाचा पुरावा आधीच तयार ठेवावा. मात्र आपल्या नावावर पक्के घर असेल, तर विषयच संपला.

जतकर_८७ :
मी भाड्याचे घर विचारले आहे, विकतचे नाही. गावाकडे घर आहे, ते वडिलांच्या नावावर आहे.

सोडत_यात्री :
मग आपण अपात्र आहात. कुटुंबाचे घर म्हणजे आपलेच घर.

निवृत्त_लेखनिक :
असे सरसकट सांगून कोणाला घाबरवू नये. म्हाडा काय किंवा पंतप्रधान आवास योजना काय, अर्जदार स्वतः, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्या नावावरील घर पाहिले जाते. वडील हयात असून घर त्यांच्या नावावर असेल, तर तेवढ्यावरून विवाहित मुलगा अपात्र ठरत नाही. अर्थात हा प्रश्न धागाकर्त्याने विचारलेलाच नाही.

मूळ प्रश्नाविषयी सांगतो. केंद्राने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडेघरांची योजना आणली होती आणि २०२४ पासून सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा एक घटक आहे. परंतु शिधापत्रिकेसारखा अर्ज दिला आणि घर मिळाले, असे तिचे स्वरूप नाही. रिकाम्या सरकारी सदनिका भाड्याने द्यायच्या किंवा एखाद्या संस्थेने नव्या इमारती बांधून त्या चालवायच्या, अशी ती रचना आहे. म्हणजे शहरात प्रत्यक्ष प्रकल्प उभा असेल, तरच तिथे राहायला जाता येते. महापालिकेच्या आवास योजना कक्षात जाऊन ‘भाड्याचा प्रकल्प आहे का’ एवढे विचारा, पाच मिनिटांत उत्तर मिळेल. त्या ३०० रुपयांच्या कागदावर कोणत्या कार्यालयाचे नाव छापले आहे, ते पाहिले का?

जतकर_८७ :
कोणाचेही नाव नाही. वर अशोकस्तंभ आहे आणि खाली ‘अर्जदाराची सही’ आहे.

निवृत्त_लेखनिक :
मग तो चहाचे डाग पुसायला ठेवा.

जतकर_८७ :
ठीक आहे, सरकारी घराचा नाद सोडतो. आता माहिती देतो. आम्ही दोघे आणि दोन मुली. पत्नी मिरजेत एका रुग्णालयात आहे, मी कुपवाडच्या एमआयडीसीत. भाडे ५५०० पर्यंत झेपेल. एक घर पाहून २००० रुपये टोकनही दिले आहे : दोन खोल्या, भाडे ४५००, डिपॉझिट २५०००. घरमालक ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो म्हणतात. एवढ्या कागदावर काम भागेल का?

कुपवाडची_ताई :
कोणते काम? घर कोणत्या भागात आहे? टोकनची पावती घेतली का?

वाडेकर_गावभाग :
११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरेशी आहे. मी स्वतः घरमालक आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. आमच्या वाड्यात आजोबांच्या काळापासूनचे भाडेकरू आहेत आणि त्यांचे भाडे ऐकलेत तर तुम्ही हसाल. तेवढ्यात आज दोन माणसांचा नाश्ता होत नाही. कौले बदलायची मी आणि मालकी गाजवायची त्यांनी. म्हणून आम्ही कागदच कमी करतो.

निवृत्त_लेखनिक :
वाडेकर साहेब, तुमचे दुःख खरे आहे, पण त्यावरचा उपाय उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार निवासाचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा असो वा ५ वर्षांचा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला आणि मालकाला वेगळे सिद्ध करता आले नाही, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरले जाते. उलट लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते राहू देण्याचा करार, नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन मालकाला घर परत मागता येते. तुम्हाला भीती ज्याची वाटते, त्यापासून वाचवणारा कागद तुम्ही १००० रुपयांच्या नोंदणी फीपायी टाळत आहात.

वाडेकर_गावभाग :
फी १००० असेल, पण मुद्रांक आहे, एजंटची मजुरी आहे आणि आमच्या आईचा अंगठा त्या यंत्रावर उमटत नाही, त्याचे काय?

निवृत्त_लेखनिक :
मुद्रांक मुदतीतील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागतो. इतक्या भाड्याला तो अगदी किरकोळ ठरतो. ऑनलाईन नोंदणीत अंगठा उमटत नसेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन दस्त नोंदवता येतो.

पुणेरी_पाहुणा :
आदर्श भाडेकरू कायदा, २०२१ प्रमाणे दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेताच येत नाही. ४५०० भाड्याला २५००० म्हणजे सरळ लूट आहे.

निवृत्त_लेखनिक :
तो केंद्राचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून लागू होत नाही. त्याच्या जोरावर सांगलीतल्या घरमालकाशी भांडायला कोणाला पाठवू नका.

जतकर_८७ :
आपण सर्वजण कायद्यावर बोलत आहात आणि माझे दोन दिवस गेले. घर कर्नाळ रस्त्याच्या बाजूला, तळमजल्यावर आहे. पावती नाही, रक्कम फोनवरून पाठवली आहे. कागद कशाला हवा ते सांगतो : धाकटीचा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी वंचित गटातून अर्ज भरायचा आहे आणि आता सहा दिवसांनी त्याची मुदत संपते.

कुपवाडची_ताई :
अहो दादा, हे पहिल्या ओळीत लिहायला हवे होते! आरटीईसाठी नोटरीचा करार चालत नाही. तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या तारखेच्या आधीचा लागतो. माझ्या नणंदेच्या मुलाला सोडतीत शाळा लागली होती, पण पडताळणीत नोटरीचा कागद निघाला आणि प्रवेश गेला. शिवाय शाळेपासूनचे अंतर मोजले जाते, तेव्हा आधी शाळा पाहा आणि मग घर ठरवा.

कृष्णाकाठ :
कर्नाळ रस्ता आणि तोही तळमजला, हे वाचून थांबलो. त्या बाजूला सगळीच घरे बुडतात असे मी म्हणणार नाही, पण दत्तनगर, काकानगर आणि सूर्यवंशी प्लॉट येथे कृष्णेचे पाणी गावात सर्वांच्या आधी येते. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. घरात काही वेगळे दिसले का?

जतकर_८७ :
घर नुकतेच रंगवलेले आहे, स्वच्छ आहे. एवढेच की विजेचा मीटर आणि सगळी बटणे फार उंचावर आहेत. पंखा लावायला थोरलीला स्टुलावर चढावे लागले. मालक म्हणाले, लहान मुलांच्या सुरक्षेसाठी तसे केले आहे.

कृष्णाकाठ :
२०१९ नंतर आमच्या घरातली बटणेही मी तेवढ्याच उंचीवर नेली आहेत आणि आमच्याकडे लहान मूल नाही. पुन्हा जाल तेव्हा दाराच्या चौकटीचा खालचा भाग हाताने दाबून पाहा, आणि कपाटामागचा, रंगाऱ्याचा हात न पोहोचलेला कोपरा पाहा. शेजारच्या किराणा दुकानदाराला २०१९ आणि २०२१ मध्ये माल कुठे हलवला होता, ते विचारा. घर बुडते का असे विचारलेत, तर कोणीही नाही म्हणेल.

सोडत_यात्री :
म्हणूनच मी म्हणतो, स्वतःचे घर हवे.

जतकर_८७ :
काल संध्याकाळी गेलो होतो. चौकट खालून बिस्किटासारखी सुटली. कपाटामागे माझ्या छातीइतक्या उंचीवर तपकिरी रेघ आहे. दुकानदाराने माल भावाच्या माडीवर नेल्याचे सांगितले, तेही न विचारता तारखेसकट. मालकाला दाखवल्यावर ते म्हणाले, ‘म्हणून तर ४५०० ला देतोय.’ त्यात खोटे काही नव्हते. टोकनचे २००० परत द्यायला त्यांनी महिना मागितला आहे.

ताईंनी म्हटल्याप्रमाणे आधी शाळा पाहिली. तिच्यापासून एक किलोमीटरच्या आत, कुपवाडला, पहिल्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळत आहे. भाडे ६०००, म्हणजे झेपते त्यापेक्षा ५०० जास्त. मालकीणबाई नोंदणीला तयार आहेत, खर्च निम्मा निम्मा. उद्या दुपारी अंगठे द्यायचे आहेत. पत्नीला मिरजेला रोज बसने जावे लागेल, त्यावरून घरात अजून बोलणे चालू आहे.

कुपवाडची_ताई :
दस्त झाला की नोंदणीची तारीख आणि मुलीच्या अर्जातला पत्ता अक्षरशः एकच आहे ना, ते ताडून पाहा. घर क्रमांकही. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याची आठवण मालकीणबाईंना करा.

पुणेरी_पाहुणा :
कर्नाळ रस्त्याचे ते घर अजून रिकामे आहे का? माझा भाचा एकटाच आहे, त्याला मेपर्यंतच हवे आहे.