मदत हवी आहे: लशीबद्दलची मतं आणि गोवर, दोन्ही एकाच मॉडेलमध्ये

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये दोन थरांचं नेटवर्क करतेय. माणसं तीच, वरच्या थरात लशीबद्दलची मतं पसरतात, खालच्या थरात गोवर. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण करतो, म्हणून साधारण ९५ टक्के लसीकरण लागतं. पण लस नाकारणारी घरं विखुरलेली नसतात, एकमेकांना धरून असतात. सरासरी ९५ ठेवूनही अशा गटात साथ भडकते, आणि भडकली की शेजारची मतं झरझर पालटतात. इथवर ठीक.

घोडं पेंड खातंय ते वेळेवर. अफवा तासाभरात फिरते, गोवराला पुढच्या माणसापर्यंत जायला दहा-बारा दिवस लागतात. भीतीचं तर विचारूच नका: एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्ड या डॉक्टरचा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’नं २०१० साली मागे घेतला, तरी भीती अजून आहेच. दोन्ही थरांना एकच टाइम-स्टेप (मॉडेल एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं तो टप्पा) ठेवली तर पहिला रुग्ण वाढायच्या आत मतांचा थर गोठून जातो.

दोन्ही थरांना वेगळं घड्याळ द्यावं की सरळ गिलेस्पी पद्धत (ठरावीक टप्प्यांऐवजी पुढची घटना कधी आणि कोणती, हे संभाव्यतेनुसार काढत जाणारी) वापरावी? आणि भीती ओसरण्याचा दर कुठल्या डेटावरून काढता? गाईड गूगल ट्रेंड्स (लोक काय सर्च करतात त्याचा डेटा) म्हणतात, पण त्यातून कुतूहल कळतं, मत नाही, असं मला वाटतं. कोणी केलंय का असं काही?